पाचावर टिकलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना पीएच मीटर आहे, काट्याचा. माझी काचेची कांडी द्रावणात बुडवा, ते आम्ल की अल्क, किती, हे मी सांगतो; सातच्या खाली आम्ल, वर अल्क. राखोलीच्या एका धागे रंगवणाऱ्या कारखान्यात माझी हयात गेली.

प्रयोगशाळेच्या विजयाताई मूळच्या चिपळूणच्या. रोज सकाळी कांडी धुऊन माझा काटा जुळवताना म्हणायच्या, "म्हाताऱ्या, खरं तेच सांग हो." मला फार बरं वाटायचं. पुढे नवा मीटर येणार अशी कुजबुज सुरू झाली आणि माझ्यावर धूळ बसू लागली.

एकदा ताई रजेवर होत्या. काम रोशनीकडे आलं. ही धुळ्याकडची पोर, जवळच्या आमलीत राहायची, महिनाअखेर नोकरीत कायम होणार होती. रंगाच्या पाण्याला बफर लागतो, म्हणजे थोडं आम्ल किंवा अल्क पडलं तरी ज्याचा आकडा फारसा ढळत नाही असं द्रावण. ते ॲसेटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट मिसळून करत. त्या दिवशी ॲसिटेट संपलं होतं. 'आम्ल आणि त्याचाच क्षार' एवढंच रोशनीच्या डोक्यात पक्कं. तिनं ड्रमभर पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि त्याचा क्षार, म्हणजे आपलं साधं मीठ, घातलं. मी पाच दाखवले. पाचच हवे होते. पण धाग्यात आधीच्या धुलाईतून उरलेला कॉस्टिक, म्हणजे जोरदार अल्क, पाण्यात उतरला, आकडा चढला आणि लाल लॉट विटका निघाला.

"मीटर खलास झालाय. भंगारमध्ये टाका," सुपरवायझर जयवंत म्हणाले. रोशनीनं विटके धागे गोळा करायला घेतले.

ताई परतल्या. त्यांनी ड्रममधलं उरलेलं द्रावण पेल्यात घेतलं, त्यात कॉस्टिकचे थोडे थेंब टाकले. काटा थेट दहापार गेला.

"बघा, बफरमध्ये असं होतं का? खराबच आहे," जयवंत म्हणाले.

ताईंनी दुसऱ्या पेल्यात ॲसेटिक आम्ल घेऊन त्यातलं अर्धंच आम्ल संपेल एवढा कॉस्टिक घातला. "अर्धं आम्ल उरलं, अर्ध्याचं ॲसिटेट झालं. हा बफर." तेवढेच थेंब पुन्हा पडले. काटा पाचाजवळून हलला नाही.

"कधी चालतो, कधी नाही. भंगारवाल्याला बोलवा," म्हणत जयवंतांनी माझी वायर काढली. मित्रांनो, तेव्हा मी मनातून हरलो. माझ्यावर आळ राहिला तर पोरीची नोकरी वाचत होती.

"थांबा सर." रोशनीनं त्यांच्या हातातली वायर घेतली. "मीटर खरं सांगतोय. ड्रममध्ये ॲसिटेट नव्हतंच. मी हायड्रोक्लोरिकमध्ये मीठ घातलं."

ताई हळूच म्हणाल्या, "आम्ल सौम्य हवं गं. जोरदार आम्लाचं मीठ आकडा सांभाळत नाही."

रोशनीचं कायम होणं पुढे ढकललं गेलं. त्या संध्याकाळी ती रडली. सकाळी ताईंनी माझी कांडी तिच्या हाती दिली. "आजपासून काटा तू जुळव."

आता नवा मीटर आला आहे. तरी रोशनी रोज माझी कांडी ओली आहे ना, ते बघते. कोरडी पडली की मी संपलो. मित्रांनो, खरं सांगणाऱ्याला असंच जपा. आणि त्याचा आकडा नकोसा वाटला, तर त्याला भंगारात काढण्याआधी आपलं द्रावण तपासा.