हारीचं कारण

"जाय."

"नाई जात, मास्तर."

"काऊन?"

"दम तुटते."

उद्धव हुतूतूच्या मैदानात मधल्या रेघेवर उभा राहून अंगठ्यानं माती उकरत होता. संघातली बाकीची सहा पोरं गुडघ्यांवर हात ठेवून वाट पाहत होती. ड्रिल मास्तर व्यंकटरावांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि न वाजवताच खिशात टाकली.

ही फसली १३४८ मधली, म्हणजे निजामाच्या अमलातल्या १९३८-३९ सालातली गोष्ट. आदिलाबादच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, व्यंकटराव एकोणीस वर्षं पोरांना कवायत शिकवत होते. पाय काटकुळे, त्यांवर खाकी पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या. पोरं पाठीमागे त्यांना बगळा म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. रागावणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण बेला या खेड्याहून शिकायला आलेल्या या पोराच्या बाबतीत त्यांचं मन त्यांना खात होतं.

मागच्या साली सामन्यात उद्धवचा दम पलीकडच्या भागात तुटला, तो बाद झाला आणि मदरसा हरला. सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, मोठे कडक. हार झाली की ते एक कागद पुढे करत: कुणामुळे झाली, नाव लिहा. व्यंकटरावांनी उद्धवचं नाव लिहिलं. नोकरीच तशी, असं त्यांनी घरी बायकोला सांगितलंही. दुसऱ्या दिवशी हजेरीत नाव वाचलं गेलं आणि सगळ्यांदेखत पोराला सहा छड्या बसल्या. पोरगं रडलं नाही. मात्र तेव्हापासून रेघ ओलांडायची म्हटली की तो मागे सरायचा. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आता तर तो शाळाच सोडून बेल्याला परत जायचं म्हणत होता.

व्यंकटराव त्याच्याजवळ उकिडवे बसले.

"रिकामं परत येता येते का तुले?"

"म्हंजे?"

"कोनाले शिवू नको. अर्ध्या दमात जाय, अर्ध्या दमात ये. बस."

"लोक हसतीन."

"हसू दे. मागच्या साली मी तुह्यं नाव लेहलं, ते माह्यं चुकलं. हारले तं सारेच हारले होते."

मास्तर आपली चूक कबूल करतात, हे पोरांनी कधी ऐकलं नव्हतं. उद्धवनं मान वर केली. चार पावलं गेला आणि परत आला. दुसऱ्या दिवशी सहा गेला. महिनाभर सगळ्या पोरांना हाच धडा. गड्याला हात लावल्याशिवाय परतायचं म्हणजे त्यांना नाक कापल्यासारखं वाटे, आणि त्या हट्टापायीच ती दम घालवून बसत.

सामन्याला कापसाच्या बाजारातले लोक गाड्या सोडून आले. मदरसा एका गुणानं मागे असताना उद्धवची पाळी आली. आवाज खणखणीत होता. पलीकडचा गडी हातभर अंतरावर आला, लोक ओरडायला लागले, "शिव त्याले, शिव!" दम संपत आलेला उद्धवला कळला. तो वळला आणि रेघ ओलांडून परत आला. पुढची चढाई पलीकडच्यांची होती, तिच्यातच वेळ संपली. मदरसा एका गुणानं हरला.

सदर मुदर्रिसांनी कागद पुढे केला. "वही लड़का ना? खाली हाथ आया. नाम लिखिए."

"साहब, वापस आना मैंने सिखाया था," व्यंकटराव म्हणाले आणि त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. त्यांना भीती वाटली, हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी हजेरीत ते नाव वाचलं गेलं. मास्तरांना छडी मारता येत नाही, म्हणून पहिला तास संपेपर्यंत त्यांना तिथंच, सगळ्यांसमोर उभं ठेवलं. एकोणीस वर्षांची नोकरी झालेला माणूस खाली मान न घालता उभा राहिला.

संध्याकाळी मैदानावर पोरं बसली होती. मास्तर येताच उद्धव उठून पुढं आला.

"मास्तर, हारलो म्हनून आमी तुमाले काई म्हनत नाई."

व्यंकटरावांना हसू आलं आणि डोळेही भरले.

"रेघ आखा ना," उद्धव म्हणाला. "पयले मी जातो."

त्यांनी चुन्याची बादली उचलली आणि आखायला घेतलं. त्या दिवशी रेघ चांगलीच वाकडी गेली. पोरं तिच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली.