बाबांना रंग सांगायचा होता

“आजचंही काही खरं नाही,” घारकाका मान वर करून म्हणाले. “ढग कसले, गोधडीच अंथरलीय.”

डोंगरावरच्या वेधशाळेत, घुमटाबाहेरच्या कठड्याला टेकून ती त्यांच्याजवळ उभी होती. घारकाकांचं काम विमानांवर नजर ठेवण्याचं. लेझर आकाशात सोडलेला असताना एखादं विमान जवळ आलं, तर हातातलं बटण दाबून तो बंद करायचा, वैमानिकाचे डोळे दिपू नयेत म्हणून. सगळे त्यांना घार म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे.

तो लेझर तिच्या बाबांनी जुळवला होता. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तळघरातल्या प्रयोगशाळेत, त्या एका टेबलाशी काढली. आरशांना चुकून बोट लागू नये म्हणून तिथं दोन्ही हात पाठीशी बांधून उभं राहायचं. ती सवय इतकी अंगात मुरली की भाजीवाल्यासमोरही ते तसेच उभे राहत, आणि पिशवी आईच्या हातात.

“हवा सारखी हलते गं,” ती शाळेत असताना जेवता जेवता त्यांनी सांगितलं होतं. “तळ्याच्या तळाचा दगड थरथरताना दिसतो, तसा तारा दिसतो. मग आपण काय करायचं, पार नव्वद किलोमीटर वर सोडियमचा विरळ थर आहे, त्याच्यावर लेझर मारायचा. तो तिथं उजळतो. तो आपला तारा. तो किती थरथरतो ते बघायचं आणि दुर्बिणीच्या आरशानं तेवढंच उलटं वाकायचं. की झालं चित्र स्वच्छ.”

पण त्या लेझरचा रंग त्यांनी स्वतः कधी पाहिला नव्हता. प्रयोगशाळेत डोळ्यांवर चष्मा सक्तीचा, आणि तो चष्मा नेमका तोच रंग अडवायचा. त्यांना दिसायचा तो कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा पांढरा ठिपका.

“स्वैपाक करायचा आणि चव घ्यायची नाही, असली ह्यांची नोकरी,” आई म्हणायची.

लेझर डोंगरावर पोचला, तोवर बाबांची फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी विरळ हवेत जायला साफ मनाई केली.

“तू जा,” ते तिला म्हणाले. “आकडे मला ही मंडळी कळवतील. तू रंग सांग.”

ती वाचनालयात काम करणारी बाई. तिला त्यातलं काय कळणार? पण आली. आणि आल्यापासून ढग.

खिशातला फोन वाजला. आई होती.

“काल परत यायला हवं होतंस गं. डॉक्टर आत्ताच म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या.” मग आवाज खाली आणून, “सारखं विचारतायत. देते त्यांना.”

कानाशी नुसता श्वास आला. मग, “सोडला का?”

तिनं वर पाहिलं. गोधडी तशीच होती.

“सोडला, बाबा. आत्ताच सोडला.”

“रंग?”

“मावळतीला समोरच्या खिडकीची काच पेटते ना, तसा. सरळ उभा गेलाय. आणि टोकाला तारा, बाबा. नारिंगी.”



“दिसतोय तुला?”

“स्वच्छ.”

“थरथरतोय?”

“छे. एकदम स्थिर.”

“वा,” बाबा म्हणाले. “छान सांगितलंस.” धाप ओसरल्यावर म्हणाले, “थंडी असेल तिथं. कान बांध.”

तासाभरानं वारा फिरला आणि ढग फाटत गेले. आतून हाक आली. काकांनी तिला मागं सरकायला सांगितलं, आणि घुमटातून तो निघाला. तिनं सांगितला होता तसा नव्हताच. फिका, मधासारखा, आणि कुठलाही आवाज न करता.

तिनं धावत आडोसा गाठून फोन लावला. “आई, त्यांना दे. लवकर दे.”

“गेले गं,” आई म्हणाली. “आत्ता, पाच मिनिटं झाली.”

ती भिंतीला टेकली. आईचं रडणं तिनं ऐकून घेतलं.

“तुझ्याशी बोलले ना, तेव्हा हसले,” आई सांगत होती. “मला म्हणाले, पोर मला तारा दाखवतेय. आणि म्हणाले, तिला सांग, ढग जातील, थांब म्हणावं. भ्रमातच असणार. तू तर बघितलास ना?”

“हो,” ती म्हणाली. “बघितला.”

ती काकांजवळ आली. प्रकाश वर वर जात बारीक होत होता, आणि मग नुसताच संपत होता.

“काका, टोकाला तारा असतो ना?”

“असतो. पण तो दुर्बिणीला. एवढा मंद, आपल्या डोळ्यांना नाही दिसायचा. बाबा बोलले नाहीत कधी?”

“नाही,” ती म्हणाली. आणि मग, “बाबा गेले, काका.”

काकांनी टोपी काढली. बाबांनी आणि त्यांनी तळघरातल्या त्या टेबलाशी एकत्र कितीतरी हिवाळे काढले होते. त्यांनी बाहीनं डोळे पुसले, पुन्हा पुसले.

“मला धड दिसत नाहीये,” ते म्हणाले. “असं पहाऱ्यावर राहता येत नाही. बंद करायला सांगतो.”

“नका सांगू. मी बघते. कुठल्या बाजूला बघायचं?”

“उत्तरेला. दिवा हलताना दिसला की नुसतं ‘हं’ म्हण. बटण माझ्या हातात आहे.”

तिनं ओढणी कानांवरून घट्ट बांधली आणि प्रकाशाकडे पाठ करून उत्तरेकडचा काळोख बघत उभी राहिली.