तुटक्या पाकळीचा ठसा

मित्रांनो, मी राजस्थानातल्या बगरू गावचा, कापड छापायचा एक जुना लाकडी ठसा. फुलाची बाहेरची रेघ उमटवणं हे माझं काम. आत रंग भरणारे ठसे वेगळे. पण रेघच नसेल तर ते भरणार कशात? म्हणून मला स्वस्थ बसवत नाही. रंगात बुडायचं, कापडावर टेकायचं, की वरून कापड छापणाऱ्या काजोडमल छीपाची मूठ, ठप्प! हेच माझं जगणं.

एका उन्हाळ्यात मार्टा नावाची परदेशी चित्रकार बाई आली. तिच्या देशात ती पडद्यांची नक्षी काढायची. रोज अंगणात बसून माझं चित्र काढी, लाकडावरून बोट फिरवी. मी अगदी फुगून गेलो. एके दिवशी तिनं मला छातीशी धरलं, आणि काजोडमलनं मला देऊनच टाकलं!

"पाहुणीला आवडला, नाही कसं म्हणू?" तो म्हणाला.

"उद्या मी आवडले तर मलाही बांधून द्याल!" त्याची बायको धापू कडाडली. "माळ्याच्या केसरचं लग्न चार दिवसांवर आलंय. तिचा घागरा अर्धाच छापलाय. उरलेला काय तुमच्या डोक्यानं छापू?"

मार्टा उतरली होती त्या डाकबंगल्यात तिनं मला भिंतीवर टांगलं. टांगलं म्हणजे काय, आरपार खिळाच ठोकला! मी नुसता तळमळत होतो. अंगावर रंगाचा थेंब नाही, आणि तिकडे केसर लग्नात घालणार काय?

दुसऱ्या दिवशी धापू तो घागरा घेऊन थेट दारात. भाषा कळेना, म्हणून तिनं तो जमिनीवर पसरला. मार्टानं कोरा भाग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. "चूक... माझी चूक," असं मोडकंतोडकं बोलत तिनं स्वतःच खिळा उपटला.

घागरा वेळेत झाला. पण खिळ्यानं माझ्या एका पाकळीची रेघ तुटली होती. उरलेलं प्रत्येक फूल तसंच उमटलं.

"अगं, अर्धी फुलं बकरीनं खाल्ली की काय?" बायका हसल्या.

"खाऊ दे! घागरा तर मिळाला ना!" केसर गिरकी घेत म्हणाली.

आता मी झिजलोय. काल नवा ठसा करायला मला कारागिराकडे आणलं. मला पुढ्यात ठेवून तो रेघन्‌रेघ कोरतोय. आणि अरे देवा, ती तुटकी पाकळीही त्यानं तशीच कोरली! म्हणतो, "जुन्या माणसांनी काहीतरी विचार करूनच ठेवली असेल."

मी केव्हाचा ओरडतोय, पण लाकडाचं कोण ऐकतं? मित्रांनो, तुम्ही तरी ऐका. हाताचं काम आवडलं तर मनसोक्त कौतुक करा, पण उचलण्याआधी एवढं विचारा, याचं काम संपलंय का? एकच खिळा ठोकला होता हो त्या बाईनं, आणि बगरूत आता माझं फूल कायमचं तुटकंच उमलणार आहे.