व्याह्यासमोरून सायकलवर

रतिलालशेठच्या कापसाच्या जिनिंगला १९८९ साली पंचवीस वर्षं झाली. दुसऱ्या मालकाने पेढे वाटले असते. आमच्या शेठने सायकलची शर्यत काढली. मेहरूण तलावाच्या बागेतून निघायचं, काठाकाठाने दगडगोट्यांची, बाभळींची वाट तुडवत परत बागेत यायचं. सकाळी सात ते दुपारी तीन. सगळ्यात जास्त फेरे मारेल तो रोजंदारीतून कायम. पेढ्यांपेक्षा स्वस्त पडलं, शिवाय पेपरात फोटो.

मी हजेरी कारकून, म्हणून फेरे लिहायलाही मीच. नियम शेठचे: उतरायचं ते माझ्या टेबलापाशी, तेही दोनदाच, दहा-दहा मिनिटं. दुसरीकडे कुठे पाय टेकला की बाद.

एकोणीस जण निघाले. दहा वाजेपर्यंत बाभळीच्या काट्यांनी अकरा कमी केले. पुढचे पाच पाठीने उतरवले, एकाला बायकोने. बारा वाजता दोघे उरले. एक हमाल धनसिंग, वय चोवीस. दुसरा गाठी बांधणारा झुलाल, वय त्रेचाळीस, रोजंदारीवर अकरा वर्षं. दर मे महिन्यात हंगाम संपला की मीच त्याचं नाव खोडायचो आणि दिवाळीनंतर पुन्हा लिहायचो.

आदल्या दिवशी त्याने मला दोनदा विचारलं होतं, "कायम झालं की खोडायचं नाही ना, भाऊसाहेब?"

साडेबाराला झुलालचे अठ्ठावीस फेरे झाले, धनसिंगपेक्षा एक जास्त. दोन्ही वेळा उतरून झालेलं. आणि नेमके तेव्हाच शिंदखेड्याच्या बसने त्याचे व्याही पितांबर आबा आले. इस्त्रीचं धोतर, काळी टोपी. बागेच्या वळणावर कडुलिंबाखाली, अगदी वाटेला लागून उभे राहिले.

आमच्याकडे व्याही दिसला की माणूस सायकलवरून उतरतो, रामराम घालतो, दहा पावलं सायकल हातात धरून चालतो. मग झुलालसारख्या मुलीच्या बापाचं तर विचारायलाच नको. त्यात हे पितांबर आबा. लग्नात आधी पाणी दुसऱ्या पंगतीला गेलं म्हणून हे न जेवताच उठले होते.

झुलालने त्यांना पाहिलं. त्याचा उजवा पाय आपोआप पायडलवरून सुटला आणि जमिनीपासून वीतभर वर लोंबू लागला.

"उतरू नका!" त्याची बायको भिकुबाई माझ्या टेबलामागून ओरडली. "पाय टेकना ते बठ्ठं गयं!"

सगळं जाणार म्हटल्यावर पाय परत पायडलवर गेला. झुलालने एक हात कपाळाला लावला, सायकल डगमगली, सावरली, पुढे गेली. त्यानंतरच्या फेऱ्यांना त्याने हातही उचलला नाही. मान खुंटीसारखी. समोर व्याही आहे की दगड, त्याला कळत असेल असं मला वाटत नाही. बोटं मुठीवर पांढरी पडली होती.

दोन वाजता पितांबर आबा टेबलापाशी आले. रागावले की ते छापील मराठी बोलत.

"किती झाले?"

"छत्तीस."

"पैकी माझ्यादेखत आठ. आठ वेळा व्याही माझ्यासमोरून सायकलवर बसून गेले. हे मी गावात कसं सांगू?"

"सांगूच नका ना, आबा."

"बसमध्ये गावचे तिघे होते. दोघे तिकडे भेळ खात उभे आहेत."

भिकुबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ती कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिली. आबा मागोमाग गेले. सदतिसाव्या फेऱ्याला झुलाल वळणावर आला, तशी ती वाकली आणि नवऱ्याच्या वाट्याचा रामराम म्हणून तिने आबांचे पाय धरले.

"त्यासना वाटाना रामराम मी करस."

"अहो विहीणबाई, उठा! लोक बघताहेत."

"बघू द्या. पोर तुमना घर शे, तुमले नाराज कशी करू?"

अडतिसाव्याला ती पुन्हा वाकली. भेळ खाणाऱ्या दोघांपैकी एकाने टाळी वाजवली. एकोणचाळिसाव्याला ती पदर सावरतेय तोवर आबांनी वाटेकडे पाठ केली आणि ते तलावाकडे तोंड करून खाली बसले.

"मला दिसलंच नाही, तर कोण गेलं मला काय ठाऊक!" असं ते पाण्याला म्हणाले.

तीनला शिट्टी झाली. झुलालचे एक्केचाळीस, धनसिंगचे चाळीस. पण झुलाल थांबेना. शिट्टी त्याला ऐकूच आली नव्हती. दोघांनी सायकल धरली, तिघांनी त्याला उचललं. हँडलवरची बोटं एकेक करून सोडवावी लागली. पाय खाली टेकले तरी ते उभं राहायला तयार नव्हते, म्हणून त्याला खुर्चीवर ठेवलं.

पितांबर आबा समोर आले. "रामराम, व्याही."

झुलालने त्यांच्याकडे पाहिलं, जसं कोणी भिंतीकडे पाहतं. ओठ हलले, आवाज नाही.

आबा माझ्याकडे वळले. "हा रामराम धरायचा का?"

"धरा, आबा."

शेठला घाई होती, फोटोवाला थांबला होता. कायम कामगारांचं रजिस्टर तिथेच उघडलं. झुलाल सातवी शिकलेला, सही झोकदार करायचा, शेवटच्या ल ला लांब शेपूट. मी पेन दिलं. पडलं. पुन्हा दिलं, पुन्हा पडलं. बोटं मिटतच नव्हती. तेव्हा मी शाईची डबी उघडली, त्याचा अंगठा धरला, शाईत बुडवला आणि नावापुढे दाबला.

तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"अंगठा लागला का, भाऊसाहेब?"

"लागला."