हाकेला ओ

“हे कोण बोलतंय?” हेडफोन एका कानावरून सरकवत मॅडमनी विचारलं.

“मी.”

“आणि हे?”

“तेही मीच.”

“मग बाळ कधी बोलणार? प्रकल्प त्याच्या आवाजांवर आहे ना? मुलगी ‘आऽ’ म्हणते न म्हणते तोच तुमचं ‘ओ गं बाई!’ आवाजावर आवाज. यातून मी काय मोजू?”

दर वेळी असंच व्हायचं. रेकॉर्डर सुरू करून ती ओठ मिटून बसायची आणि लेकीनं, ठमीनं, हाक मारली की तोंडातून ओ निघून जायची. शिंक यावी तशी.

शब्द फुटण्याआधी मुलं नुसत्या आवाजाच्या चढउतारांतून काय काय मागतात, हा तिचा विषय. तिनंच सुचवलेला. घराबाहेर हिंडून दुसरं काही गोळा करायला वेळ कुठे होता? बाळंतपणात एक वर्ष गेलंच होतं. हा प्रकल्प अडला तर पदवी आणखी लांबणार, आणि पुढच्या वर्षी सासूबाई दिरांकडे जाणार. मग ठमीला सांभाळून कॉलेज? विसराच.

“शुक्रवारपर्यंत स्वच्छ रेकॉर्डिंग आणा,” मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्याचाच तिला जास्त राग आला. “नाहीतर कॉलेजच्या प्रकल्प प्रदर्शनातून नाव काढावं लागेल.”

बाहेर बाकावर किडेवाला बसला होता. प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, मांडीवर भुंग्यांचा डबा. कॉलेजात लग्न झालेली ती एकटीच, म्हणून ती सगळ्यांची वहिनी.

“काय वहिनी, झाली का हजामत?”

“बिनपाण्याची.”

“माझे निम्मे भुंगे मेले. सर म्हणतात, मेलेल्यांचंही निरीक्षण लिही.”

“तुझे भुंगे तुला हाक तरी मारत नाहीत,” ती म्हणाली आणि तरातरा निघाली.

घरी तिनं सासूबाईंना आधीच बजावलं, “आई, मी ओ दिली नाही तर तुम्हीही देऊ नका हं.”

“कसलं बाई हे शिक्षण! पोर बोलावतंय आणि आईनं दगड होऊन बसायचं?”

“थोडाच वेळ.”

“बसा. मी आपली स्वयंपाकघरात जाते. मला नाही बघवणार.”

ठमी फरशीवर रिकामे डबे रचत होती. वरचा घरंगळला. तिनं मान वर केली. “आऽ?”

आईनं बाहीचं टोक दातांत धरलं.

“आऽ!” मग लांबवून. मग चढवून. मग जवळजवळ गाणं म्हटल्यासारखं, लाडीगोडी लावत. हे सूर तिनंही कधी ऐकले नव्हते. एरवी पहिल्याच हाकेला ओ मिळायची, पुढच्यांची वेळच यायची नाही. रेकॉर्डरचा लाल दिवा जळत राहिला.

मग ठमी थांबली. रडली नाही. पाठ करून बसली आणि पुन्हा डबे रचू लागली. पुढचा डबा पडला तेव्हा तिनं मान वर केलीच नाही.

“वा!” शुक्रवारी रेकॉर्डिंग ऐकून मॅडम म्हणाल्या. “केवढी विविधता! आणि शेवटची शांतता आलेखात किती ठळक दिसते. ती कापू नका.”

प्रदर्शनात तिचं टेबल भुंग्यांशेजारी होतं. परीक्षक आले. तिनं आलेख समजावला, कुठे अडखळली नाही.

“ऐकवा बघू.”

तिनं बटण दाबलं. स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला. “आऽ?”

“ओ गं बाई,” ती म्हणाली.

किडेवाल्यानं वळून पाहिलं. परीक्षक क्षणभर थांबले, पुन्हा आलेखाकडे वळले. दुसरी हाक आली. तिसरी. तिनं बाहीचं टोक मुठीत घट्ट धरलं. मग हाका संपल्या आणि आलेखावरची रेघ सपाट झाली.

“इथं काय झालं?” परीक्षकांनी सपाट रेघेवर बोट ठेवून विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “डबे रचतेय.”