राख कोणी सावडली

शाळेतून निवृत्त झालेल्या कावेरीबाई साठीनंतर जपानी शिकायला बसल्या, तेव्हा सावंतवाडीतली निम्मी आळी हसली. दीर भाई तर तोंडावरच म्हणाले, "वैनी, ह्या वयात जपानी शिकान काय करूचा आसा?"

"माझो वेळ जाता," त्या म्हणाल्या. ते साफ खोटं होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा यज्ञेश जपानमधल्या नागोयात नोकरीला होता. २०२१ साली तो तिथेच हृदय बंद पडून गेला. सीमा बंद होत्या, आईला जाता आलं नाही. दोन महिन्यांनी पांढऱ्या कापडात बांधलेला कलश तेवढा घरी आला. भाईंनी विसर्जन केलं, लोक भेटून गेले, आणि जग आपल्या कामाला लागलं. जगाचं काय, त्याला कामं असतातच. पण ज्या देशात आपला मुलगा राहिला तो आहे तरी कसा, हे कावेरीबाईंना पाहायचं होतं. फुकटच्या व्हिडिओंवरून त्यांनी पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं गिरवली. संग्रहालयांच्या साइटवरची जुनी चित्रं बोटांनी मोठी करकरून पाहिली, लहान मुलांच्या गोष्टी अडखळत वाचल्या. दुपारी जेवणं आटोपली की मोबाइलवर सिनेमा लावायच्या.

अशाच एका सिनेमात दहनानंतर घरची माणसं अस्थींभोवती उभी राहिली. दोघादोघांनी मिळून लांब काड्यांनी एकेक अस्थी उचलली, पायांपासून डोक्यापर्यंत, आणि कलशात ठेवली. कावेरीबाईंनी सिनेमा तिथेच थांबवला. आपल्याकडे राख सावडतात तसंच की हे! मग यज्ञेशची कोणी सावडली? त्याचं तिथे होतं कोण? कुणा पगारी माणसाने घाईघाईत भरली असेल, हा विचार मनात शिरला तो जाईना.

यज्ञेशच्या घरमालकीण मोरिताबाई. त्यांचा ईमेल कंपनीच्या जुन्या पत्रात होता. ऑनलाइन शब्दकोशात एकेक शब्द पारखत कावेरीबाईंनी आठ दिवसांत चार वाक्यं लिहिली. "मी यज्ञेशची आई. त्याच्या अस्थी कोणी उचलल्या? खरं सांगा. मला राग येणार नाही."

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. भाई शेजारी बसले होते. वहीत अर्थ उतरवून घेत कावेरीबाईंनी ते सावकाश वाचलं.

"मी आणि माझ्या पतींनी. तुमची रीत आम्हाला माहीत नव्हती, म्हणून आमच्या रीतीने केलं. परक्यांनी हात लावलेला त्याच्या आईला चालला असता का, हे तेव्हापासून मला खातंय. चुकलं असेल तर क्षमा करा."

"काय लिवल्यान तिना?" भाईंनी विचारलं.

"एकटो नव्हतो रे तो," कावेरीबाई म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळ्याने रडल्या.

मग डोळे पुसून त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. या वेळी शब्दकोश फारसा लागला नाही.

"आमच्याकडे राख घरच्यांनीच सावडायची असते. रीत चुकली नाही."