मावशींचा फडका

चर्चमधल्या वेदीमागचा पडदा शिवायला ताईंना सात महिने लागले. अट त्यांचीच होती: ज्या कापडात घाम गाळला, तेच प्रत्येक घराने द्यायचं. कोरं कापड चालणार नाही. बेकरीवालीचा ॲप्रन आला, गवंड्याचा सदरा आला, लोकांचे कपडे धुणाऱ्या मावशींच्या कमरेचा फडका आला. पाळकबाबांनी गाऊन सांगितलेलं नदीचं प्रवचन ताईंच्या मनात भरलं होतं. तेच गुणगुणत त्यांनी त्या तुकड्यांची नदी केली, वरून निघून वेदीच्या पायाशी रुंदावणारी.

शुक्रवारी पडदा चर्चमध्ये आणून ठेवला होता. शनिवारी दुपारी तो टांगायला त्या आल्या, तर नदीच्या मधोमध जांभळं सॅटिन चकाकत होतं. मशीनची शिवण, तीही वाकडी. ताईंनी हात लावला आणि गोगलगाईवर बोट पडल्यासारखा झटकन मागे घेतला.

"हे कुणी केलं?"

"मी करवून घेतलं, वहिनी." धाकटे दीर हसत पुढे आले. कापडाचं दुकान त्यांचं आणि कमिटीचे अध्यक्षही तेच. "छान उठाव आलाय ना?"

"भाऊजी, इथे मावशींचा फडका होता."

"पिवळे डाग होते हो त्याच्यावर! देवासमोर डाग टांगायचे? माझं दुकान असताना? लोक तोंडात शेण घालतील."

"कुठाय तो?"

भाऊजींनी हनुवटीनेच दार दाखवलं. उंबऱ्याशी फडका पसरला होता. त्यावर चिखल, बुटाचे ठसे आणि एक चिकटलेलं च्युइंगम. मावशी उद्या पहिल्या बाकावर बसणार होत्या. गेल्या रविवारीच विचारत होत्या, "माझं दिसेल ना गं लांबूनही?"

ताईंनी फडका उचलला. च्युइंगम नखाने खरवडलं, मागच्या नळावर चिखल धुतला. पिवळे डाग तेवढे राहिले. मग कात्रीच्या टोकाने सॅटिनचे टाके उसवले आणि फडका ओलाच जागेवर शिवायला घेतला. आत पाळकबाबा उद्याचं प्रवचन गाऊन बघत होते. एरवी त्या सुरात ताईंचे डोळे भरून यायचे. आज कानात भाऊजींचाच आवाज बसला होता.

"एवढं काय मनावर घेता, वहिनी? मी देवासाठीच केलं ना?"

ताईंनी दोरा दातांनी तोडला, पडदा खांद्यावर टाकला आणि शिडीवर पाय ठेवला. शिडी डुगडुगली. भाऊजी लगबगीने पुढे झाले.

"धरतो मी."

"हात लावू नका," ताई म्हणाल्या. "पडले तर पडले."